बागेचं काम कुणाकडे मागायचं?

कोकण किनाऱ्यावरच्या एका नगरपरिषदेच्या गावातून एका ताईंचं पत्र आलं आहे. वय साठीच्या पुढे. उभी हयात मुंबईत नोकरी केली, निवृत्तीनंतर नवऱ्याबरोबर सासरच्या घरी कायमच्या राहायला आल्या. मधे काही महिने लेकीकडे न्यूयॉर्कला होत्या. तिथल्या सेंट्रल पार्कमध्ये त्यांच्याच वयाची माणसं हातमोजे घालून वाफे साफ करताना, पाला गोळा करताना त्यांनी पाहिली आणि गावी गेल्यावर आपणही हे करायचं असं मनाशी धरलं. घरापासून दहा मिनिटांवर नगरपरिषदेची बाग आहे. झोपाळे मोडलेले, वाफ्यांत दगडगोटे आणि वेफर्सच्या पिशव्या, उन्हाळ्यात निम्मी झाडं वाळलेली. त्या कार्यालयात गेल्या. एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर पाठवणी झाली आणि शेवटी ‘बाग ठेक्यावर दिलेली आहे, तुम्ही अर्ज देऊन ठेवा’ असं उत्तर मिळालं. अर्जाचं पुढे काही झालं नाही. मग एका सकाळी त्यांनी स्वतःच खुरपं घेऊन एक वाफा साफ करायला घेतला, तर बागेतला कामगार धावत आला. ‘हे तुमचं काम नाय, उद्या माझ्यावर येईल’ म्हणत त्याने त्यांना उठवलं. नवरा म्हणतो, ‘परसात झाडं काय कमी आहेत? ती बघ.’ भजनी मंडळातल्या बायका म्हणतात, ‘हिला घरात करमत नाही.’ ताई लिहितात, “मला पैसा नको, फोटो नको. फुकट राबायला तयार असलेल्या माणसाला आपल्याकडे कुणी दारात उभं करत नाही. मी काम शोधू तरी कुठे?”

ताई, नमस्कार.

तुमच्या पत्रातल्या सगळ्यात महत्त्वाच्या माणसाला तुम्ही दोन ओळींत उरकलं आहे. तो बागेतला कामगार. कार्यालयातल्या टेबलांबद्दल तुम्ही पानभर लिहिलंत. पण त्या बागेतला कुठला नळ गळतो, कुठल्या झाडाला वाळवी लागली आहे, पोरं संध्याकाळी कुठल्या बाजूने कुंपण ओलांडतात हे ज्याला ठाऊक आहे, त्याचं नावसुद्धा पत्रात नाही. तुमच्या शोधाची सुरुवात त्याच्यापासून व्हायला हवी असं मला वाटतं.

‘उद्या माझ्यावर येईल’ हे त्याचं वाक्य शांतपणे आठवून बघा. लहान नगरपरिषदांमध्ये बागेची देखभाल बहुधा ठेक्याने दिली जाते. ठेकेदार एखाददुसरा माणूस ठेवतो. त्या माणसाला मुकादम विचारतो, ठेकेदार विचारतो, येता-जाता नगरसेवकही विचारतो. वाफ्यातलं रोप चुकून उपटलं गेलं किंवा तुम्ही शेवाळलेल्या चिऱ्यावरून घसरून पडलात, तर जाब त्यालाच द्यावा लागणार. आणि त्याच्या मनात आणखी एक भीती असेल, जी तो तुम्हाला बोलून दाखवणार नाही. चार शिकलेल्या बायका हे काम फुकट करू लागल्या तर उद्या माझी गरज काय, असं ठेकेदाराला वाटलं तर?

ही भीती खोटी नाही, म्हणून ती मी गंभीरपणे घेते आणि तुम्हीही घ्यावी. आपल्या सेवेमुळे कुणाच्या हजेरीचा एक दिवसही कमी होता कामा नये. ज्या कामाचे पैसे कुणाला तरी मिळायला हवेत ते काम आपण फुकट करून टाकलं, तर बाग कदाचित चांगली दिसेल, पण एका घरची चूल त्याची किंमत मोजेल. तेव्हा पहिला नियम असा धरा: ठेक्यात जे काम आहे ते त्याचंच. ठेक्यात जे नाही, आणि बागेला मात्र हवं आहे, ते तुमचं. ठेक्यात काय लिहिलं आहे हे कार्यालयात साधेपणाने विचारलं तर बहुतेक वेळा सांगतात. झाडलोट, गवत कापणं, पाणी घालणं, कुंपणाची डागडुजी हे त्यात साधारणपणे असतं. माहितीच्या अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत करता येतो हे खरं आहे, पण ओळख करून घ्यायच्या आधीच तो कागद टेबलावर ठेवला तर पुढचं प्रत्येक माणूस तुमच्याशी सांभाळून, तोलून बोलेल. तो मार्ग शेवटचा ठेवा.

आता न्यूयॉर्कबद्दल. तिथल्या बागेत हौशी माणसं मनात आलं की येतात आणि काम करतात, असं तुमच्या पत्रातून वाटतं. तसं नाही. १९७० च्या दशकात सेंट्रल पार्कची अवस्था फार वाईट झाली होती. १९८० मध्ये सेंट्रल पार्क कॉन्झर्व्हन्सी ही संस्था उभी राहिली आणि पुढे शहराशी करार करून तिने बागेची देखभाल हाती घेतली. त्यांनी बागेचे भाग पाडले आणि प्रत्येक भागाला त्याचा म्हणून एक पगारी माळी दिला. तुम्ही पाहिलेली साठीची माणसं अशा माळ्यांच्या सोबतीने काम करतात. आज कुठला वाफा, कुठलं तण, किती खोल खणायचं, हे माळी सांगतो. तुम्हाला तिथे हातमोजे दिसले, त्यांच्यामागचा माळी दिसला नाही. तुमच्या गावात तशी मधली संस्था नाही हे खरं, पण माळी मात्र आहे. त्याला माळी म्हणून नेमलेलं नसेल, पगारही तसा नसेल. तरी त्या जमिनीवर रोज हात फिरवणारा तोच.

म्हणून खुरपं आठवडाभर घरीच ठेवा. रोजच्यासारख्या फिरायला जा, त्याच्याशी दोन शब्द बोला, नाव विचारा, गाव विचारा. दादा म्हणा, काका म्हणा, वयाप्रमाणे जे शोभेल ते. त्या दिवशी न विचारता वाफ्यात बसले, हे तुम्ही होऊन बोललात तर अर्धी अढी तिथेच सुटेल. आणि मग एकच प्रश्न विचारा: ‘एकट्याला जड जातं असं कुठलं काम आहे?’ मला जे माहीत आहे त्यावरून सांगते, उत्तर फार साधं येईल. ग्रासकटर मारण्याआधी गवतातले दगड, बाटल्या, काचा वेचाव्या लागतात, कारण पात्याला लागून दगड उडतो आणि डोळ्यावर, नडगीवर बसतो. पाण्याचा लांब पाइप एकट्याने ओढताना तो रोपांवर फिरतो आणि कोवळी रोपं मोडतात, तेव्हा मधे कुणी तरी धरायला हवं असतं. असल्या कामात दोन-तीन आठवडे गेले तरी चालतील. त्यातूनच तुम्हाला बाग कळेल. पावसाळ्यात उगवलेली तेरड्याची कोवळी रोपं आणि तण यांतला फरक त्याला लांबून कळतो, तो तुम्हालाही कळायला लागेल.

तोंडी ओळख झाली तरी परवानगी लेखी हवीच. तुमच्यासाठी हवी आणि त्याच्यासाठी त्याहून जास्त हवी. तुमचा पहिला अर्ज का पडून राहिला असेल? ‘मला बागेत सेवा करायची आहे, संधी द्यावी’ असं तुम्ही लिहिलं होतं. अशा अर्जावर कुणी काय शेरा मारणार? काम काय, कधी, किती, नुकसान झालं तर जबाबदारी कुणाची, यातलं काहीच त्यात नव्हतं. सही करणाऱ्याला सगळ्या शंका आणि करण्यासारखं काहीच नाही, अशा कागदाची जागा फायलीतच असते.

नवा अर्ज मुख्याधिकाऱ्यांच्या नावे करा. त्यात लिहा की आम्ही तिघी दर बुधवारी आणि शनिवारी सकाळी सात ते नऊ बागेत येऊ. विहिरीच्या बाजूचा जो कोपरा आहे, किंवा जो कोपरा माळीदादांनी सांगितला असेल, तेवढ्याच भागात काम करू. झाडांना आळी करणं, म्हणजे बुंध्याभोवती पाण्यासाठी गोल खळगे करणं, पाला खड्ड्यात घालणं, झाडांची नोंद ठेवणं ही कामं करू. फांदी तोडणार नाही, यंत्र वापरणार नाही, कीटकनाशक फवारणार नाही. पैसे मागणार नाही, वर्गणी गोळा करणार नाही. इजा झाली तर जबाबदारी आमची. ठेकेदाराच्या कामगाराचं काम काढून घेण्याचा हेतू नाही, हे वाक्यही स्पष्ट घाला. मुदत सहा महिन्यांची मागा. कायमची परवानगी द्यायला अधिकारी बिचकतो, सहा महिन्यांची देताना त्याला तेवढा विचार करावा लागत नाही. एक प्रत तुमच्या प्रभागाच्या नगरसेवकाला द्या. आवक विभागात शिक्का आणि क्रमांक घेतल्याशिवाय कार्यालयातून निघू नका. पंधरा दिवसांनी तो क्रमांक घेऊन पुन्हा जा.

फांदी तोडणार नाही हे मी का लिहायला सांगते? शहरी भागातल्या झाडांसाठी महाराष्ट्रात १९७५ चा कायदा आहे आणि परवानगीशिवाय झाड तोडणं हा त्याखाली गुन्हा आहे. चांगल्या मनाने केलेली छाटणीही अंगलट येऊ शकते. पण याच कायद्यात तुमच्यासाठी एक वाट आहे. दर पाच वर्षांनी झाडांची गणना करणं हे नगरपरिषदेच्या वृक्ष प्राधिकरणाचं कर्तव्य आहे. २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षं किंवा त्याहून जुन्या झाडांना वारसा वृक्ष म्हणून वेगळं स्थान दिलं. लहान गावांत हे काम करायला माणसं नसतात. तुम्ही तुमच्या बागेतल्या आणि बागेबाहेरच्या रस्त्यावरच्या प्रत्येक झाडाची वही केलीत, म्हणजे नाव, छातीच्या उंचीला खोडाचा घेर, जागा, फुलण्या-फळण्याचे महिने, झाडाला ठोकलेले खिळे, बुंध्याभोवती ओतलेलं काँक्रीट, तर ती वही नगरपरिषदेला खरोखर उपयोगी पडेल. गुडघे दुखतात म्हणून ज्यांना खाली बसता येत नाही अशा वाचकांना मी हे काम आवर्जून सुचवते. शाळेतल्या मुलांना सोबत घेतलं तर मोजपट्टी तीच धरतील.

कार्यालयात आणखी एक दार आहे. राज्याच्या पर्यावरण विभागाने २ ऑक्टोबर २०२० रोजी माझी वसुंधरा अभियान सुरू केलं. भूमी, जल, वायू, अग्नी, आकाश अशा पाच भागांत स्थानिक संस्थांनी काय काम केलं यावर त्यात गुण मिळतात आणि त्यासाठी फोटो, नोंदी, लोकसहभागाचे पुरावे लागतात. तुमच्या नगरपरिषदेतही हे काम कुणाच्या तरी टेबलावर असणार. तो माणूस शोधा आणि दर महिन्याला तुमच्या कामाची एक पानाची नोंद त्याला नेऊन द्या. तुम्हाला फोटो नको हे मला मान्य आहे, पण खड्ड्याचा आणि झाडाचा फोटो द्यायला हरकत नसावी. त्याचं काम हलकं झालं की तुमच्या कागदालाही पाय फुटतील.

आता प्रत्यक्ष काम. इथे मला जरा सविस्तर लिहायचं आहे, कारण किनाऱ्यावरच्या सार्वजनिक बागा वाळतात त्या निव्वळ दुर्लक्षाने नाही. त्या आपल्या हवेशी भांडून लावलेल्या असतात. चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो आणि मग आठ महिने आभाळ जवळजवळ कोरडं. जांभ्याच्या कातळावर मातीचा थर थोडा, त्यातून पाणी सरळ खाली निघून जातं. त्यात खारा वारा, जो कोवळ्या पानांची टोकं करपवतो. अशा जागी हिरवळ आणि गुलाब लावले की जूनमध्ये उद्घाटन होतं आणि मार्चपर्यंत सगळं गवताच्या काडीसारखं होतं. मग पुन्हा नवीन रोपं, पुन्हा खर्च. म्हणून ‘आपण झाडं लावू या’ हा उत्साह आवरा. बागेला नवीन झाडांपेक्षा लावलेली झाडं पहिले दोन-तीन उन्हाळे जगवणारं माणूस हवं असतं, आणि नेमकं तेच ठेक्यात बसत नाही.

तुमचं पत्र दसऱ्याच्या सुमारास आलं, ही वेळ फार चांगली आहे. पाऊस सरतो आणि माती अजून ओली असते तेव्हाच झाडांभोवती आळी करायची आणि त्यांत पाल्याचं जाड आच्छादन घालायचं. बुंध्याला पाला टेकू द्यायचा नाही, वीतभर जागा मोकळी ठेवायची, नाहीतर वाळवी येते. हा पाला आणायचा कुठून? बागेतूनच. सध्या तो झाडून कोपऱ्यात पेटवला जात असेल. उघड्यावर कचरा जाळायला राष्ट्रीय हरित लवादाने २०१६ मध्ये बंदी केली आहे, पण ते कुणाला ऐकवण्यापेक्षा पाल्याला दुसरी जागा करून द्या. चार जुने चिरे रचून तीन-चार फुटांचा हौद करा. आंब्याफणसाचा पाला कुजायला वेळ घेतो, म्हणून त्यात मधे मधे गिरिपुष्पाच्या हिरव्या फांद्या आणि थोडं शेण घाला, वरून पाणी मारा. झावळ्या आणि नारळाची सोडणं, म्हणजे वरची जाड सालं, मात्र त्यात टाकू नका, ती वेगळी ठेवा. सोडणं आळ्यात उपडी रचली तर ओल धरून ठेवतात. माळीदादांचं पाला वाहून नेण्याचं कामही यामुळे कमी होईल, आणि तुमच्याबद्दलचं त्यांचं मत बदलायला याहून चांगलं कारण नाही.

फेब्रुवारीपासून पाण्याची ओढ सुरू होते. तेव्हा कोवळ्या झाडाशेजारी तळाला बारीक भोक पाडून त्यात वात घातलेलं मडकं पुरावं आणि ते चार-पाच दिवसांनी भरत जावं. पाइपने भसाभसा घातलेल्या पाण्यापेक्षा हे थेंबाथेंबाचं पाणी मुळांना जास्त लागतं. बागेला लागून मोकळा सडा, म्हणजे कातळाचं पठार, किंवा माळ असेल तर वाळल्या गवताची पट्टी डिसेंबरच्या आत कापून घ्यायला ठेकेदाराला सांगा, कारण आपल्याकडे एक पेटती विडी सगळा डोंगर जाळते. लावणी करायचीच असेल तर जूनमध्ये, मृगाचा पाऊस धरल्यावर. झाडं कुठली? किनाऱ्याला उंडी, करंज, भेंड. आत जरा आडोशाला बकुळ, सुरंगी, सोनचाफा. ओलसर जागी ताम्हण, ज्याचं फूल आपल्या राज्याचं फूल आहे. जुलै-ऑगस्टमध्ये काम कमी ठेवा. चर मोकळे करणं, वेल सोडवणं, एवढंच.

काळजीचं दोन शब्दांत सांगते, पण ते वगळू नका. फुरसं हा विषारी साप आपल्या भागात सर्रास आहे आणि त्याला जांभ्याच्या दगडाखालची जागा आवडते. दगड हाताने उलटायचा नाही, आधी काठीने हलवायचा. बूट आणि जाड हातमोजे हवेतच. चावलंच तर बांधणं, कापणं, मंत्र असलं काही न करता १०८ ला फोन करून थेट सरकारी रुग्णालयात जायचं. साचलेल्या पाण्यात अनवाणी उतरू नका, पावसाळ्यात लेप्टोस्पायरोसिसच्या तापाचा, म्हणजे लेप्टोचा, धोका असतो. सिंधुदुर्गात दोडामार्ग-बांदा पट्ट्यात २०१६ पासून माकडतापाचे रुग्ण आढळले आहेत, तो गोचिडीतून येतो. त्या बाजूच्या वाचकांनी जंगलालगतच्या पातेऱ्यात, म्हणजे गळलेल्या पाल्यात, हात घालण्याआधी आरोग्य केंद्रात विचारून घ्यावं.

समजा एवढं करूनही नगरपरिषदेने होकार दिला नाही, तर? बाग म्हणजे फाटक, झोपाळे आणि फलक असलेली जागाच, हे तुम्ही गृहीत धरलं आहे. कोकणात लोकांच्या वावराच्या जागा फार वेगवेगळ्या आहेत. जिल्हा परिषदेच्या शाळेचं आवार, ग्रामीण रुग्णालयाच्या मागची मोकळी जागा जिथे रुग्णांचे नातेवाईक दिवसभर उन्हात बसून असतात, वाचनालयाचं अंगण, देवळाची तळी. यांतल्या प्रत्येक ठिकाणी परवानगी देणारं माणूस एकच असतं आणि ते तुमच्या ओळखीतलं असण्याची शक्यता मोठी. मला विचाराल तर रुग्णालयाचं आवार मी पहिलं निवडेन. तिथे सावली कमी आणि तिची गरज सगळ्यात जास्त.

किनाऱ्यावर काम करावंसं वाटलं तर वेळासकडे बघा. मंडणगड तालुक्यातल्या या गावात चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ पासून ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी राखायला सुरुवात केली आणि ते काम गावातली माणसं वन विभागाबरोबर पुढे नेत राहिली. पहाटे किनाऱ्यावर चालत जायचं, कासवाच्या पाऊलखुणा शोधायच्या, घरटं सुरक्षित करायचं आणि पुढचे दीडदोन महिने थांबायचं. यात गाजावाजा नाही, नेम आहे. तुमच्याही किनाऱ्यावर कासवं येत असतील तर वन विभागाच्या परिक्षेत्र कार्यालयात जाऊन विचारा. स्वतः घरट्याला हात लावू नका, हा प्राणी वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. किनाऱ्याची सफाई करताना जाळ्यांचे तुकडे आणि प्लास्टिक उचला, मर्यादवेल मात्र उपटू नका. ती वाळू धरून ठेवते.

काही जागांची सेवा हात न लावण्यात असते. देवराईतला पातेरा झाडू नये, तिथे शोभेची रोपं लावू नयेत, आणि गावकर-मानकऱ्यांना विचारल्याशिवाय आत काही करू नये. कातळसड्यावर पावसाळ्यात इवलीइवली फुलं उगवतात. ओसाड दिसतो म्हणून सड्यावर खड्डे मारून झाडं लावणं हे त्या फुलांच्या मुळावर येतं. मे महिन्यात मुंबईहून येणारी मंडळी मला नेहमी विचारतात की आठवड्याभरात काय करता येईल. त्यांना माझं सांगणं आहे की मे महिन्यात झाड लावू नका. गावात जी माणसं झाडं जगवताहेत त्यांना पाण्याचा पाइप घेऊन द्या, चांगले बूट घेऊन द्या, नाहीतर त्यांच्या हाताखाली रोज सकाळी बादल्या वाहा. आणि गावातल्या तरुण वाचकांसाठी: महाविद्यालयाच्या राष्ट्रीय सेवा योजनेत वर्षाला १२० तास काम करायचं असतं. ते तास एका रविवारच्या फोटोत न घालवता एकाच बागेला वर्षभर द्यायची परवानगी तुमच्या कार्यक्रम अधिकाऱ्यांकडे मागा.

राहता राहिले तुमचे यजमान आणि भजनी मंडळ.

यजमान परसाकडे बोट दाखवतात त्यात चूक काही नाही. तुमचं परस ही त्या बागेची रोपवाटिका होऊ शकते. ताम्हणाची बोंडं हिवाळ्यात सुकून तडकतात तेव्हा बी गोळा करा. उंडीचं बी कठीण कवचाचं असतं, ते हलक्या हाताने फोडून लावलं तर लवकर रुजतं. जांभळाचं बी साठवून टिकत नाही, फळ खाल्लं की लगेच मातीत. नारळ-पोफळीच्या सावलीत ही रोपं छान होतात. अडलं तर कृषी विद्यापीठाची संशोधन केंद्रं आहेत, भाट्याचं नारळाचं, वेंगुर्ल्याचं फळांचं. सामाजिक वनीकरणाच्या रोपवाटिकाही आहेत. तिथे माहिती मागायला संकोच करू नका. पिशव्या भरायचं काम यजमानांना द्या. परसातल्या माणसाला परसातलंच काम दिलं तर तो नाही म्हणणार नाही.

आणि ‘हिला घरात करमत नाही’ हे बायकांचं बोलणं तुम्हाला लागलं आहे, पत्रभर ते जाणवतं. पण ताई, ते खरं असलं तर त्यात लाजण्यासारखं काय आहे? इतकी वर्षं लोकलच्या गर्दीत, माणसांच्या गराड्यात काढल्यावर शांत घरात करमेनासं होणारच. फक्त त्याचा कामावर भार टाकू नका. बागेने तुम्हाला माणसं मिळवून दिली पाहिजेत, कौतुक मिळवून दिलं पाहिजे, अशी अपेक्षा धरलीत तर पहिल्याच कोरड्या उत्तराला तुम्ही परत फिराल. माणसं तुम्हीच सोबत न्या. अर्जात ‘आम्ही तिघी’ असं लिहायला मी वर सांगितलं, त्यातल्या दोघी त्या मंडळातच मिळतील. हसणाऱ्यांपैकी एखादी तरी अशी असते जिला स्वतःलाच यायचं असतं आणि कुणी विचारत नाही म्हणून ती हसते. तिला ‘सेवा करू या’ असं म्हणू नका. ‘बुधवारी सकाळी माझ्याबरोबर येशील का, दगड वेचायचे आहेत’ असं विचारा.

माळीदादांशी ओळख झाली की येणाऱ्या सोमवारी अर्ज द्या. त्याआधी मसुदा माळीदादांना वाचून दाखवा आणि त्यांना खटकेल ते वाक्य काढून टाका.